सोलर बसवलं, पण रोजची चार युनिटं जातात कुठे?

गच्चीवरची
मंडळी, आमच्या गच्चीवर सोलर बसून आठ महिने झाले. ५४० वॅटची ८ पॅनेलं, म्हणजे ४.३२ किलोवॅट. एकच स्ट्रिंग (आठही पॅनेलं एकामागोमाग एक जोडलेली), एक इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा), बॅटरी नाही. बसवणाऱ्यांनी सांगितलं होतं की स्वच्छ उन्हाच्या दिवशी किलोवॅटमागे ४ युनिटं धरा, म्हणजे दिवसाला १७ च्या आसपास. सुरुवातीला तेवढी मिळतही होती. थंडी सुरू झाली तसा आकडा घसरत घसरत १३ वर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. दिवस लहान झाला की थोडं कमी होणार हे मान्य, पण आभाळात ढगाचं नाव नसताना एवढी गळती?

आमचे बाबा (सासरे) रोज संध्याकाळी इन्व्हर्टरसमोर खुर्ची ओढून बसतात आणि आकडा वहीत उतरवतात. मोबाईलवर सगळं दिसतं, पण त्यांचा विश्वास वहीवर. ही घसरण त्या वहीमुळेच कळली. मी आपली बिल कमी आलं यातच खूश होते.

खरं सांगायचं तर चूक आमचीही आहे. पॅनेल कुठलं घ्यायचं यावर आम्ही तीन आठवडे डोकं पिकवलं. मोनो की टॉपकॉन, एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं, कार्यक्षमता २१.१ टक्के की २१.४. सावलीचा विचार मात्र कुणी केला नाही. मोजमापाला आलेला माणूस दुपारी एकला आला, टेप लावली, "मस्त ऊन आहे तुमच्याकडे" म्हणाला आणि गेला. आम्हीही माना डोलावल्या. दुपारी एकला कुणाच्या गच्चीवर ऊन नसतं!

गेल्या रविवारी सकाळी साडेसातपासून दर अर्ध्या तासाला गच्चीवर जाऊन सावल्यांच्या कडा खडूने आखल्या. टाकीची सावली साडेआठला पॅनेलांवरून उतरते. पण टाकीतून वर आलेली हवेची दोन इंची नळी आहे ना, तिची सावली पार ११ वाजेपर्यंत पहिल्या दोन पॅनेलांवर उभी सरकत राहते. आणि दुपारी तीननंतर शेजारच्या गच्चीवरच्या डिश अँटेनाचा खांब शेवटच्या पॅनेलवर येतो. दोन बोटांएवढी सावली, त्याने एवढा फरक पडतो का?

दुसरं म्हणजे इन्व्हर्टर १३ म्हणतो आणि मीटरवर एक्स्पोर्ट (बाहेर लाईनला दिलेली वीज) फक्त ८ दिसतो. बाबांचं ठाम मत आहे की मधली पाच युनिटं कुणीतरी खातंय.

रुमालवाला
आमचंही याच महिन्यात ठरतंय. रुमाल टाकून ठेवतो.

वहीखातं
बाबांना सांगा, ती पाच युनिटं तुम्हीच खाताय :) पॅनेलची वीज आधी घरात वापरली जाते, उरली तरच मीटरमधून बाहेर पडते. त्यामुळे एक्स्पोर्टचा आकडा निर्मितीपेक्षा कमीच असणार. वहीत तीन रकाने पाडा: इन्व्हर्टरवरची निर्मिती, मीटरचा एक्स्पोर्ट, मीटरचा इम्पोर्ट (लाईनकडून घेतलेली वीज). निर्मितीतून एक्स्पोर्ट वजा करा, त्यात इम्पोर्ट मिळवा, की घराचा खरा खप निघतो. समजा निर्मिती १३.१, एक्स्पोर्ट ८ आणि इम्पोर्ट ६.४ असेल तर खप ११.५. हे रोज एकाच वेळी लिहा. एक आकडा सकाळचा, दुसरा संध्याकाळचा असं झालं की ताळा कधीच लागत नाही.

बाहेर गेलेल्या युनिटांच्या बदल्यात काय मिळतं ते जिथल्या तिथल्या नियमांवर आहे. कुठे युनिटाला युनिट वळतं होतं, कुठे कमी दराने विकत घेतात. कमी दराचा हिशोब असेल तर वॉशिंग मशीन आणि पंप भर दुपारी चालवा.

अर्धाशहाणा
@गच्चीवरची, दोन बोटांच्या सावलीने पडतो फरक, आणि चांगलाच पडतो. पण "एक पॅनेल सावलीत गेलं की सगळी स्ट्रिंग मेली" असं जे सर्रास सांगतात, तेही अर्धंच खरं आहे.

पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक, सिरीजमध्ये असतात आणि तुमची आठही पॅनेलं एकमेकांना सिरीजमध्येच आहेत. सिरीजमध्ये सगळीकडे प्रवाह एकच, त्यामुळे सगळ्यात मरगळलेला सेल बाकीच्यांचा वेग ठरवतो. यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत साधारण तीन बायपास डायोड असतात. सावलीतला एक तृतीयांश भाग बाजूला टाकून प्रवाह पुढे काढून देणं हे त्यांचं काम. ते नसते तर सावलीतला सेल बाकीच्यांची वीज स्वतःत जिरवून तापला असता, काच तडकेपर्यंत.

आता तुमची नळी घेऊ. दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर. ५४० वॅटच्या पॅनेलमधला सेल बहुतेक १८२ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे उभ्या सावलीने त्या रांगेतल्या प्रत्येक सेलचा साधारण पाव भाग झाकला. इथे इन्व्हर्टरपुढे दोन वाटा असतात. एक, सगळी स्ट्रिंग पाऊण प्रवाहावर चालवायची. त्यात पाव वीज बुडाली. दोन, त्या दोन पॅनेलांचे एकेक तृतीयांश भाग सोडून द्यायचे आणि उरलेल्यांना पूर्ण प्रवाहावर पळू द्यायचं. त्यात गेला फक्त बारावा हिस्सा. दुसरी वाट उघडच फायद्याची, पण साधा एमपीपीटी (सगळ्यात जास्त वीज कुठल्या व्होल्टेजला मिळते ते शोधणारा इन्व्हर्टरचा भाग) पहिल्या टेकडीवर चढतो आणि तिथेच शिखर सापडलं म्हणून बसून राहतो. शेजारी त्याहून उंच डोंगर आहे हे त्याला कळत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरांत व्होल्टेजचा सगळा पट्टा अधूनमधून तपासण्याची सोय असते, आणि ती कारखान्यातून बंद असते. सेटिंगमध्ये 'शॅडो' किंवा 'स्कॅन' असं काही दिसतं का बघा.

आणि तुमच्या डिशच्या खांबावर माझा संशय नाही. किती लांब आहे तो?

गच्चीवरची
बाबांनी पावलं मोजली. सात मीटर धरा.

अर्धाशहाणा
मग खांब निर्दोष. सूर्य म्हणजे काही ठिपका नाही, आभाळात तो अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून कुठल्याही वस्तूची गडद सावली तिच्या रुंदीच्या साधारण १०८ पट अंतरावर संपते, पुढे नुसती फिकट छाया. दोन इंची खांबाचं हे अंतर साडेपाच मीटरच्या आत येतं. पण खांबावर जी थाळी आहे ती ६० सेंटीमीटरची असेल, तर तिची गडद सावली साठ-पासष्ट मीटर कुठे जात नाही. खडू घेऊन पुन्हा वर जा आणि खांब सोडून थाळीची कड आखा.

साधा_फिटर
ताई, दुपारी एकला येणाऱ्या जमातीतलाच मी एक. बारा वर्षं गच्च्यांवरच आहे, म्हणून आमच्या बाजूनेही दोन शब्द. गिऱ्हाईक म्हणतं अर्ध्या तासात मोजा, संध्याकाळी कोटेशन पाठवा, आणि तिघांत जो स्वस्त त्याला काम. सावलीसाठी दिवसभर बसणारा महाग पडतो, त्याला काम मिळत नाही. उत्तर गोलार्धात खरी परीक्षा २१-२२ डिसेंबरला. त्या दिवशी भर दुपारचा सूर्य किती उंच येणार ते काढणं सोपं आहे: ९० मधून आपला अक्षांश वजा करा, मग आणखी साडेतेवीस. २० अंश उत्तरेला ४६.५ अंश उरतात. हे दुपारचं झालं, सकाळी नऊला साधारण त्याच्या निम्मंच धरा. उन्हाळ्यात पाहणी करून बसवलेलं स्ट्रक्चर थंडीत रडतं ते यामुळे. दोन रांगा असतील तर पुढची रांगच मागचीवर सावली टाकते.

बसवून घेणाऱ्यांसाठी एक सांगतो, हे कुणी सांगत नाही. पॅनेलं वर चढवायच्या आधी प्रत्येकाच्या मागच्या चिकटपट्टीचा फोटो काढून ठेवा. सिरीयल नंबर तिथेच असतो. एकदा सांगाड्यावर कसली की तो वाचायला पाठीवर झोपून घसरत जावं लागतं. वॉरंटी मागायला गेलात की पहिला प्रश्न नंबर काय हाच. आणि कुणी पॅनेलवर पाय देऊन चढत असेल तर काम तिथल्या तिथे थांबवा. वरून काच शाबूत दिसते, आतला सेल केसाएवढा चिरतो आणि दोन वर्षांनी तिथे काळा डाग उमटतो.

उंटावरचा
मला एक कळत नाही. आमच्या मामांकडे सोलर आहे, पण लाईट गेली की त्यांच्या घरातही अंधार. भर दुपारी! डोक्यावर सूर्य, गच्चीवर चार किलोवॅट आणि पंखा बंद. मग हे कसलं सोलर? (हलके घ्या)

अर्धाशहाणा
त्यात बिघाड काही नाही, तसंच बनवलेलं असतं. बॅटरीविना चालणारा इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघून तिच्या तालावर वीज सोडतो. लाईन गेली तर त्याने थांबायलाच हवं. नाहीतर लाईन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात तुमच्या मामांच्या गच्चीची वीज जाईल. लाईट परत आली तरी तो लगेच सुरू होत नाही, काही मिनिटं लाईन स्थिर आहे ना ते बघतो. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवरही चालणारा) आणि बॅटरी, आणि मोजक्याच दिवे-पंख्यांसाठी वेगळी वायरिंग. लाईट क्वचित जात असेल तर माझ्या मते बॅटरीच्या भानगडीत पडू नये. पॅनेल २५ वर्षं चालतं, बॅटरी मध्येच बदलावी लागते.

उंटावरचा
मामांना हा वायरमन आधीच कुणीतरी सांगायला हवा होता. बसवणाऱ्याने "आता लाईट गेली तरी चिंता नाही" म्हणून गळ्यात मारलं.

कोरडी_भिंत
सगळे विजेवर बोलताहेत, मी पाण्यावर बोलते. आमच्या सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये ड्रिल मारून अँकर बोल्टने बसवले. काम एका दिवसात, चकाचक. पहिला पावसाळा गेला, दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या छताला बरोबर चार ओले गोल आले. वर जाऊन बघितलं तर चारही पायांच्या खाली. ड्रिलने वॉटरप्रूफिंगचा थर फोडला होता आणि भोकाभोवती नुसतं सिमेंट थापलं होतं. ते सिमेंट उन्हात आक्रसून सुटलं. आता दुरुस्ती करायची तर पॅनेलं उतरवा, सांगाडा खोला, थर द्या, पुन्हा चढवा. बसवणारे म्हणतात गळती वॉरंटीत येत नाही, वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो सोलरवाल्यांनी भोकं पाडली. दोघंही बरोबर आहेत, भिजतोय आम्ही.

वॉटरप्रूफिंगचं आयुष्य संपत आलं असेल तर ते आधी करून घ्या. पायांखाली काँक्रीटचे चौथरे ओतून त्यात बोल्ट बसवता येतात, म्हणजे थराला धक्का लागत नाही.

साधा_फिटर
चौथरे बरोबर, फक्त वजनात काटकसर नको. लोकांना वाटतं पॅनेल जड आहे, ते कुठे उडणार. ५४० वॅटचं एक पॅनेल २८ किलोच्या आसपास, पण अडीच चौरस मीटरचं ते शीड आहे. वादळात वारा खालून शिरतो आणि उचलतो. गच्ची वापरता यावी म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा मागतात त्यांनी तर हे काम डोळे मिटून देऊ नये, कुणा स्ट्रक्चरवाल्या अभियंत्याला दाखवावं.

दवबिंदू
आमची पीडा वेगळीच. पावसाळाभर इन्व्हर्टर सकाळी लाल दिवा लावून बसायचा, 'आयसोलेशन फॉल्ट', म्हणजे वीज कुठेतरी जमिनीत झिरपतेय असा इशारा. साडेनऊ-दहा झाले की आपोआप हिरवा. मेकॅनिक यायचा अकरा वाजता. तोवर सगळं ठणठणीत, "तुमचं नेट गेलं असेल" म्हणून निघून जायचा. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मी त्याला सकाळी सातला बोलावलं आणि सोबत गच्चीवर गेले. पॅनेलांखालून वाकून बघितलं तर एमसी-४ ची (पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या कनेक्टरची) एक जोडी वायरसकट जमिनीवर लोळत होती, डबक्यात. कुणीतरी टाय बांधायचा आळस केला होता. कनेक्टर नीट दाबलेला नव्हता, आत ओल शिरायची आणि ऊन चढलं की वाळायची. नवीन जोडी लावली, वायर सांगाड्याला वर बांधली. तेव्हापासून लाल दिवा नाही.

जुगाडू
एवढं वाचल्यावर वाटतंय वायरिंग घरीच करावं. प्लग-सॉकेटसारखंच तर आहे, खटकन बसतं.

साधा_फिटर
बसतं खटकन. काढताना जाळ होतो. आठ पॅनेलं सिरीजमध्ये म्हणजे ३००-४०० व्होल्ट डीसी. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी लांबत जाते आणि प्लास्टिक पेट घेतं. चालू लोडवर एमसी-४ कधीही ओढू नका, आधी डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) बंद. आणि तो बंद केला तरी पॅनेलपासून तिथपर्यंतची वायर जिवंतच असते. ऊन आहे तोवर पॅनेलला बटण नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ एकमेकांत घुसतात म्हणून जोडणारेही बरेच आहेत, त्यांचे काळे पडलेले कनेक्टर माझ्याकडे बरणीभर आहेत.

जुगाडू
मागे घेतो. पॅनेलं धुवायचं काम तरी माझ्याकडे ठेवतो.

दवबिंदू
पहाटे धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं पाणी असेल तर ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे नकाशे उमटतात. साबण नको, तारेची घासणी तर नकोच. फुटलेल्या पॅनेलवर पाणी मारू नका, करंट बसेल.

रुमालवाला
रुमाल उचलून एक प्रश्न. कडक उन्हाळ्यात सगळ्यात जास्त वीज मिळत असेल ना?

अर्धाशहाणा
लख्ख ऊन हवं, पण उकाडा नको. पॅनेलवर लिहिलेले ५४० वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे आणि चौरस मीटरला १००० वॅट ऊन असतानाचे. गच्चीवर दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत सहज जातो. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांत १४ टक्के गेले, ५४० चे ४६४ उरले. म्हणून पॅनेल आणि छत यांच्यात वारा खेळायला जागा हवी. पत्र्यावर चिकटवून बसवलेली पॅनेलं जास्त तापतात. दिवसभराची बेरीज उन्हाळ्यात मोठी दिसते ती दिवस मोठा म्हणून.

अवांतर: १९५४ साली बेल लॅबमध्ये दाखवलेला सिलिकॉनचा सेल सहा टक्क्यांचा होता. चारच वर्षांत, मार्च १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ उपग्रह सोलर सेल लावून वर गेला आणि त्यांच्या जोरावर १९६४ पर्यंत बोलत राहिला. गप्प झाला तरी अजून पृथ्वीभोवती फिरतोय. ज्या २१.१ की २१.४ वर लोक तीन आठवडे भांडतात, तो फरक बघा आणि हे बघा.

गच्चीवरची
टोमणा पोचला :)

ताजी खबर. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये ते स्कॅन खरंच बंद होतं. बसवणाऱ्यांना फोन केला, त्यांनी पासवर्ड दिला, दोन मिनिटांत चालू केलं. दुसऱ्या दिवशी वहीत १४.४. मग प्लंबरला बोलावून हवेची नळी कापून बुटकी केली, तोंडाला जाळी लावली. परवापासून १५.३, १५.१, १५.३. बाबांनी तीन रकानेही पाडलेत, शिवाय स्वतःचा चौथा, 'ढग'. त्यात रोज 'नाही' लिहितात.

पुन्हा खडूही घेतला. @अर्धाशहाणा, खांबाची सावली पॅनेलपर्यंत येईतो खरंच नुसती फिकट असते. गुन्हेगार थाळीच निघाली, सव्वातीनला शेवटच्या पॅनेलवर येते आणि मावळतीपर्यंत हलत नाही. शेजारच्या काकांना वर नेऊन खडूची रेघ दाखवली. पलीकडच्या कठड्यावर हलवायला हरकत नाही म्हणाले, फक्त काकूंची मालिका संपत आलीय, तेवढी होऊ द्या.

वहीखातं
मालिका संपत आलीय म्हणजे दोन वर्षं धरा.